गुपित ठेव, सही मात्र कर

चि. सायली,

पत्र छापून येतंय म्हणून दचकू नकोस. सायली हे तुझं नाव नाही, हे तुला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही. कार्यालय कुठलं, गाव कुठलं, हेही मी लिहिणार नाही. तुझ्या खात्याइतकी नसेल, पण तोंड मिटून बसायची सवय मलाही आहे. तारघरात उभी नोकरी काढली मी. कुणाच्या घरी कोण गेलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा पास झाला हे त्या घराच्या आधी आम्हाला कळायचं, आणि बाहेर एक अक्षर बोललं तर १८८५चा तार कायदा मानगुटीवर होता. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, तरी त्या तारांविषयी मी अजून बोलत नाही.

ताईचा फोन दर दोन दिवसांनी असतो. ‘पोरगी गणितात एम.एस्सी. झाली, सरकारी नोकरी लागली, आणि काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणते, कॉम्प्युटरवर असतं काहीतरी. शेजारी काय सांगू?’ तिचं मी बघून घेईन. मला तू गेल्या खेपेला गच्चीत जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. गुपिताचा त्रास नाही मावशी, म्हणालीस. त्रास याचा की केलेलं काम वर जातं तेव्हा त्यावर माझं नाव नसतं, आणि कौतुक खाली येतं तेव्हा दुसऱ्याच्या टेबलावर उतरतं. तेव्हा मी गप्प बसले, कारण जे सांगायचं होतं ते चहाच्या कपाबरोबर संपणारं नव्हतं. ते एका अमेरिकन बाईचं चरित्र आहे. एलिझबेथ स्मिथ फ्रीडमन. तुझ्याच धंद्यातली, गुप्त संदेश उकलणारी, तुझ्याआधी शंभर वर्षांची.

जन्म १८९२चा, इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन गावचा. क्वेकर पंथाचं, मुलाबाळांनी भरलेलं घर, त्यात ही शेंडेफळ. मुलीने कॉलेजात जावं असं बापाला वाटत नव्हतं. ती हटून बसली तेव्हा त्याने फीचे पैसे दिले, पण कर्जाऊ, सहा टक्के व्याजाने! तुझ्या आजोबांनी आम्हा बहिणींच्या शिक्षणाला का कू केलं असेल, पण व्याज लावलं नाही. १९१५ साली मिशिगनमधल्या हिल्सडेल कॉलेजातून ती इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाली. गणित नाही, साहित्य. तुमच्या खात्यातल्या गणितवाल्यांना हे जरूर सांग.

वर्षभर एका गावात शाळा सांभाळून ती कंटाळली आणि १९१६च्या उन्हाळ्यात नोकरी शोधत शिकागोला आली. नोकरी काही मिळेना. परतायच्या आधी शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला एकत्रित छापील संग्रह पाहावा म्हणून ती न्यूबेरी ग्रंथालयात गेली. तिचा रस पाहून तिथल्या ग्रंथपाल बाईंनी जॉर्ज फेबियन नावाच्या कापडाच्या लक्षाधीश व्यापाऱ्याला फोन लावला. त्याला शेक्सपिअरवर संशोधन करणारी तरुण माणसं हवी होती. गृहस्थ मोटार घेऊन हजर झाला आणि रात्री मुक्कामाला माझ्या इस्टेटीवर चल म्हणाला. अंगावरच्या कपड्यांनिशी ती निघाली. आपल्याकडे पोरीने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोलीस चौकी गाठली असती. ती मात्र पुढची चार वर्षं तिथेच राहिली.

इस्टेटीचं नाव रिव्हरबँक, इलिनॉयमधल्या जेनीव्हा गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी. तिथे पवनचक्की होती, पाळलेली अस्वलं होती, ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा होती, बियाण्यांवर संशोधन चालू होतं, आणि एलिझबेथ वेल्स गॅलप नावाची एक वयस्क बाई हातात भिंग घेऊन शेक्सपिअर वाचत बसली होती. तिचं म्हणणं असं की ही नाटकं शेक्सपिअरची नव्हेतच, फ्रान्सिस बेकनची आहेत, आणि ते त्याने छापील अक्षरांतच दडवून ठेवलंय.

बेकनची युक्ती तुला दोन मिनिटांत कळेल. छपाईला दोन वळणांचे खिळे घ्यायचे, एकाला ‘अ’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘ब’. छापलेल्या मजकुरातली पाच पाच अक्षरं वेगळी काढायची. अअअअअ म्हणजे वर्णमालेतलं पहिलं अक्षर, अअअअब म्हणजे दुसरं, असं पुढे. वर दिसायला साधं वाक्य, आत निराळाच निरोप. तुमच्या संगणकाचं शून्य आणि एक हेच नाही का? चारशे वर्षांपूर्वी त्या माणसाला सुचलं होतं. पद्धत खरी होती. ती शेक्सपिअरच्या पुस्तकात वापरली होती, हे मात्र खोटं.

एलिझबेथचं काम होतं बाईंनी ‘सापडवलेले’ निरोप ताडून पाहणं. ती डोळे फोडून पाही, दिसत काहीच नसे. बाई आल्या की लगेच दिसे. ती तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, समोर नावाजलेली विदुषी, वर पगार देणारा लक्षाधीश. पहिल्यांदा तिला आपलीच नजर कच्ची वाटली. पुढे लक्षात आलं की जुन्या छापखान्यात झिजलेले, सरमिसळ झालेले खिळे वापरत, ओल्या कागदावर शाई पसरे, आणि अक्षरं वेगळी दिसायची ती त्यामुळे. नियम धरून दोन माणसांनी स्वतंत्र उकल केली तर उत्तर एकच यायला हवं. इथे उत्तर बाईंच्या मनात आधी तयार असायचं. माझ्या मते एलिझबेथ संकेत उकलणारी झाली ती इथे, काहीही न उकलता. ‘यात काही नाही’ असं म्हणायला जी छाती लागते ती तुझ्या कामात रोज लागत असेल.

रिव्हरबँकवरच विल्यम फ्रीडमन हा अनुवंशशास्त्रज्ञ होता. रशियन साम्राज्यातून लहानपणी आलेला ज्यू मुलगा. पवनचक्कीत राही आणि फळमाश्यांवर प्रयोग करी. फोटो छान काढतो म्हणून त्याला बेकनच्या पानांच्या कामाला जुंपलं, आणि तोही या नादाला लागला. १९१७च्या मे महिन्यात दोघांनी लग्न केलं. पुढे जगाने त्याला अमेरिकन संकेतशास्त्राचा जनक म्हटलं. त्याला या वाटेला लावणारी ती होती, हे तो स्वतः सांगत असे, लिहिणारे विसरत.

१९१७च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा शत्रूचे संदेश वाचणारं एकही धड सरकारी खातं त्या देशाकडे नव्हतं. काही काळ हे सगळं काम रिव्हरबँककडे येई, आणि ही दोघं ते करत. आता जे सांगते ते आपल्याला टोचणारं आहे. त्या कामात एक गठ्ठा हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या पत्रांचा होता.

गदर पक्ष तुला पाठ्यपुस्तकापुरता आठवत असेल. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेला, गदरमध्ये सामील झाला, परत येऊन मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच चळवळीतले. जर्मन पैसा आणि शस्त्रं घेऊन हिंदुस्थानात उठाव करायचा, हा बेत. त्या लोकांची आपसांतली पत्रं आकड्यांत असत. एक आकडा पानाचा, एक ओळीचा, एक अक्षराचा, आणि पुस्तक कोणतं ते दोघांनाच ठाऊक. फ्रीडमन नवरा-बायकोच्या हाती ते पुस्तक नव्हतं. तरी आकड्यांच्या जवळिकीवरून, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींवरून त्यांनी शब्द जुळवत नेले आणि पत्र वाचलं. ते पुस्तक प्राइस कॉलियर या लेखकाचं जर्मनीवरचं निघालं.

या कटाबद्दल सॅन फ्रान्सिस्कोला चाललेल्या खटल्यात ही उकल पुरावा म्हणून उभी राहिली. एप्रिल १९१८मध्ये, खटला संपत आला असताना, भर कोर्टात रामसिंगने गदरच्या रामचंद्रावर गोळी झाडली आणि मार्शलने रामसिंगला जागेवर ठार केलं. दोषी ठरलेल्यांत जर्मन कॉन्सल जनरलही होता. साक्षीला विल्यम गेला होता. एलिझबेथ मागे राहिली, रिव्हरबँकचं काम कुणीतरी चालवायला हवं म्हणून. हे मी वाचलं तेव्हा मला दोन गोष्टींचा राग आला आणि दोन्ही एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. आपल्या माणसांची पत्रं या बाईने फोडली, हा एक. आणि फोडली तर फोडली, साक्षीला तिलाही का बोलावलं नाही, हा दुसरा. तू हसशील. पण त्या पत्रांच्या वेळी आपण तिच्या टेबलाच्या कुठल्या बाजूला होतो, हे तू विसरू नयेस असं मला वाटतं. आज तू ज्यांची पत्रं वाचत असशील, तेही कुणाचे तरी पिंगळे असतील. काम सोड असं मी म्हणत नाही. एवढं माहीत असू दे.

फेबियनचा जाच सोसेनासा झाला तशी दोघं १९२१च्या सुरुवातीला वॉशिंग्टनला लष्कराच्या नोकरीत गेली. एलिझबेथने मधे थोडा काळ नौदलातही काम केलं, मग मूल झालं, आणि ती घरी बसली. बसली म्हणजे काय, तर सरकारी माणसं दारात येऊन उभी राहिली. दारूबंदी लागू होऊन पाच वर्षं झाली होती. कॅनडा, बेलीझ, बहामाकडून दारूने भरलेली जहाजं किनाऱ्यापासून लांब थांबत आणि वेगवान होड्या माल उतरवून नेत. हे सगळं बिनतारी संदेशांवर चाले आणि संदेश संकेतात. तटरक्षक दलाकडे न वाचलेल्या संदेशांचे ढीग साचले होते. १९२५मध्ये तिने काम घेतलं, आधी घरून. १९२६ ते १९३० या काळात तिने आणि तिच्या मदतनिसाने सुमारे १२,००० संदेश उकलले.

हे मला फार कळतं, कारण आमच्याकडे शुभेच्छांच्या तारांना क्रमांक असायचे. गिऱ्हाईक फॉर्मवर नुसता आकडा लिही, पलीकडचा तारबाबू तक्त्यात पाहून अख्खं वाक्य उतरवून देई. व्यापाऱ्यांचीही अशी जाड जाड संकेतपुस्तकं असत, पैसे वाचवायला; एका शब्दात ‘माल पोहोचला, हुंडी पाठवा’. तस्करांनी तीच बाजारातली पुस्तकं घेतली आणि वर आपली अक्कल चालवली. एका टोळीची रीत अशी: ‘बंदरात नांगर टाकलाय, इंधन कुठे नि केव्हा पाठवता’ एवढं विचारायचं असेल तर पहिल्या पुस्तकातून त्या वाक्यांशांचे आकडे काढायचे. प्रत्येकात १,००० मिळवायचे. येणाऱ्या आकड्याला दुसऱ्या पुस्तकात जो शब्द असेल तो घ्यायचा. आणि मग त्या शब्दातलं प्रत्येक अक्षर ठरलेल्या दुसऱ्या अक्षराने बदलायचं. हवेतून जाई ती निव्वळ बाराखडीची भेळ. एलिझबेथ हे उलट पायांनी चालत जाई: आधी अक्षरं, मग शब्द, मग आकडा, मग हजार वजा, मग वाक्य.

हे कोर्टात सिद्ध करायचं तर ज्युरीतल्या शेतकऱ्या-दुकानदाराला समजलं पाहिजे. १९३३ साली न्यू ऑर्लिन्सला दारूच्या मोठ्या टोळीविरुद्ध खटला झाला, त्यात तिची साक्ष होती आणि म्होरक्यांना शिक्षा झाली. आरोपीचे वकील उठून म्हणत, ही बाईची अटकळ आहे, ही काय साक्ष झाली? एका खटल्यात तिने न्यायाधीशांकडे फळा मागितला आणि खडू घेऊन सगळ्यांचा वर्गच घेतला. शाळामास्तरकी अशी कामाला आली.

‘आयम अलोन’ या जहाजाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. कॅनडाचा झेंडा लावलेलं हे दारूचं जहाज २२ मार्च १९२९ला अमेरिकन तटरक्षक दलाने मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून दोनशे मैलांहून लांब, तोफा डागून बुडवलं. एक खलाशी गेला. कॅनडा खवळला, नुकसानभरपाईचा मोठा दावा ठोकला. अमेरिकेची बाजू पडकीच होती. इकडे बेलीझ आणि न्यूयॉर्कमध्ये गेलेल्या-आलेल्या २३ संकेतबद्ध तारा एलिझबेथने वाचल्या आणि दाखवून दिलं की झेंडा कॅनडाचा असला तरी मालक अमेरिकन तस्कर आहेत. १९३५ला निर्णय लागला: अमेरिकेने कॅनडाची माफी मागावी, थोडी रक्कम द्यावी, खलाशांना भरपाई द्यावी, पण जहाजाचा आणि मालाचा एक सेंटही नाही. दोन शेजारी देशांचं भांडण तारांच्या फॉर्मवरून मिटलं म्हणून मला, एका तारवालीला, जरा मिरवावंसं वाटतं.

१९३१मध्ये तटरक्षक दलाने तिला स्वतंत्र पथक दिलं. माणसं तिने निवडली, तिने शिकवली, पुरुषही तिच्या हाताखाली. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. पण काय लिहीत? टोपी कशी होती, झगा कुठल्या रंगाचा, आणि हे सगळं तिला नवऱ्याने शिकवलं असणार. नवऱ्याचं नाव तोवर मोठं झालं होतं. घरात मात्र मोठी मजा होती. जेवणाचं आमंत्रण गूढलिपीत, पाहुण्यांनी ते सोडवल्याशिवाय पुढचं हॉटेल कुठलं ते कळायचं नाही. आणि त्याच घरात नवरा-बायको आपापल्या ऑफिसातलं एक अक्षर एकमेकांना सांगत नसत. विल्यमच्या लष्करी पथकाने जपानचं ‘पर्पल’ संकेतयंत्र फोडलं, त्यातली निर्णायक खूण २० सप्टेंबर १९४०ला जेनिव्हीव्ह ग्रोटजन या गणितवाल्या मुलीच्या नजरेला पडली. (हे नावही लिहून ठेव.) त्या कामाच्या ताणाने १९४१च्या जानेवारीत विल्यम कोसळला, लष्करी इस्पितळात मनाच्या दुखण्यावर त्याला कित्येक आठवडे ठेवलं. ज्या कामाने नवरा असा झाला ते काम काय होतं, हे विचारायची तिला मुभा नव्हती.

आता तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने दक्षिण अमेरिकेत हेर पेरले. ब्राझील, अर्जेंटिना, चिली. जहाजं कुठून निघाली, कुठे गेली, हे ते बिनतारी यंत्रावरून बर्लिनला कळवत. तटरक्षक दलाच्या लोकांना चोरटी प्रक्षेपणं पकडायची सवय दारूमुळे लागलेली, म्हणून ही जबाबदारी त्यांच्याकडे, म्हणजे एलिझबेथच्या पथकाकडे आली.

१९४०मध्ये काही संदेश वेगळे वाटू लागले. हाताने केलेले नव्हते, यंत्राचे होते. एनिग्मा तुला मी काय सांगू, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. टंकलेखन यंत्रासारखी कळ दाबली की आतली चाकं फिरतात आणि अक्षर बदलून बाहेर पडतं. पुन्हा तीच कळ दाबा, चाक पुढे सरकलेलं असतं, अक्षर निराळं येतं. म्हणून नेहमीची मोजदाद चालत नाही. पण माणूस आळशी. ते हेर सगळे संदेश चाकांच्या एकाच ठेवणीपासून सुरू करत. म्हणजे प्रत्येक संदेशाचं पहिलं अक्षर एकाच रीतीने बदललेलं, दुसरं एकाच रीतीने, असं शेवटपर्यंत. पथकाने संदेश चौकटीच्या कागदावर एकाखाली एक मांडले. आडवं वाचायचं सोडून उभं वाचलं. उभा प्रत्येक स्तंभ म्हणजे साधी अक्षरबदली! पेन्सिल आणि कागद. त्यावरून त्यांनी शब्द काढले, शब्दांवरून चाकांच्या आतली तारांची जोडणी काढली, आणि मग ध्यानात आलं की हे एनिग्माचं बाजारात विकलं गेलेलं जुनं रूप आहे. युद्धाच्या काळात त्यांनी पुढे आणखी एनिग्मा उकलले, कठीण होते तेही.

१९४१च्या नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दल नौदलाच्या ताब्यात गेलं. नौदलात नागरी माणसाने पथक चालवायचं नाही असा दंडक, त्यात बाईमाणूस. दहा वर्षं तिने उभं केलेल्या पथकावर लेनर्ड जोन्स हा गणवेशातला अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. काम होतं तसंच तिने चालवलं. सायली, तुझ्या टेबलावरची गोष्ट आणि ही, फरक फारसा नाही.

१९४२च्या मार्चमध्ये ‘क्वीन मेरी’ जहाज आठ हजारांवर सैनिक घेऊन दक्षिण अटलांटिकातून चाललं होतं, रिओच्या हेरांनी त्याचा ठावठिकाणा कळवायला सुरुवात केली. ते संदेश अमेरिका वाचत होती. जहाज सुखरूप पोहोचलं. त्याच महिन्यात एफबीआयच्या दबावाने ब्राझीलच्या पोलिसांनी हेरांवर धाडी घातल्या. एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याला बातमी हवी होती. बातमी झाली. उरलेल्या हेरांनी ओळखलं की आपले संदेश फुटलेत, आणि सगळे संकेत बदलले. एलिझबेथच्या पथकाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. त्यांनी केला. जाळ्याचा म्होरक्या योहानेस सीगफ्रीड बेकर अर्जेंटिनात बसला होता. त्याच्या साखळीचे संदेश त्यांनी इतके नेमके वाचले की अर्जेंटिनाचं सरकार जर्मनांशी आतून काय बोलतंय हे उघडं पडलं, आणि २६ जानेवारी १९४४ला अर्जेंटिनाला जर्मनीशी संबंध तोडावे लागले. युद्धभरात त्या पथकाने सुमारे ४,००० हेरसंदेश उकलले.

श्रेय हूव्हरने घेतलं. मासिकात लेख लिहिला, हेरांचं जाळं आमच्या लोकांनी कसं मोडलं म्हणून. दुसऱ्या प्रकरणातही तेच. न्यूयॉर्कमध्ये बाहुल्यांचं दुकान चालवणारी व्हेलव्हली डिकिन्सन जपानसाठी हेरगिरी करायची. ब्वेनोस आयरेसला जाणाऱ्या पत्रांत मोडक्या बाहुल्यांची चौकशी असे आणि अर्थ असे दुरुस्तीला आलेल्या युद्धनौकांचा. पत्रं पत्ता न सापडल्याने परत आली आणि पाठवणारी म्हणून ज्यांचं नाव होतं त्या बायांनी सांगितलं की आम्ही लिहिलीच नाहीत. त्या पत्रांचा अर्थ लावायला सरकारी वकिलाने एलिझबेथला बोलावलं होतं. डिकिन्सनला १९४४मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रात कौतुक पुन्हा एफबीआयचं.

हूव्हरला बोलायची बंदी नव्हती, तिला होती. नौदलाने मरेपर्यंत गुप्ततेची शपथ घ्यायला लावली होती, ती तिने मोडली नाही. १९४६मध्ये पद गेलं. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला तिने संदेशांसाठी सुरक्षित संकेतपद्धती बसवून दिली. १९५७मध्ये नवरा-बायकोंनी मिळून बेकनच्या त्या जुन्या खुळाचा निकाल लावणारं पुस्तक केंब्रिजकडून काढलं. त्यातल्या एका पानावर, बेकनच्याच दोन खिळ्यांच्या रीतीने, त्यांनी निरोप दडवलाय: नाटकं मी लिहिलेली नाहीत, सही बेकन. चाळीस वर्षांनी फेडलेला हिशेब तो, आणि खट्याळपणाने.

विल्यम १९६९मध्ये गेला. तिने त्याचे हजारो कागद, पुस्तकं, टिपणं लावली, सूची केली आणि व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनच्या मार्शल ग्रंथालयाला दिली. आपलेही खोके दिले, पण त्यांत युद्धाची वर्षं जवळपास कोरी. आत्मचरित्र लिहायला घेतलं ते पुरं झालं नाही, आणि त्यातही हेर नाहीत. नवऱ्याचं नाव मागे राहावं यासाठी म्हातारपण खर्च केलं, स्वतःचं विचारलं की ती उडवून लावायची. ३१ ऑक्टोबर १९८०ला न्यू जर्सीत ती वारली. वय अठ्ठ्याऐंशी. इथे माझं तिच्याशी पटत नाही. शपथ पाळलीस, उत्तम. पण शपथ कामाबद्दल होती, स्वतःला कमी लेखण्याबद्दल नव्हती. नवऱ्याच्या सूचीला इतका वेळ दिलास, त्यातला काही स्वतःच्या दारूतस्करीच्या दिवसांना दिला असतास, ते तर गुपित नव्हतं!

मग तिचं नाव परत आलं कसं? हे मला तुला सांगायचंय, बाकीचं सगळं त्याची प्रस्तावना. कुणी आठवण काढली म्हणून आलं नाही. तिच्या पथकाने उकललेल्या कागदांवर ती उकल तटरक्षक दलाची आहे अशी नोंद होती. शिवाय युद्ध संपल्यावर पथकाने आपल्या कामाचा सविस्तर तांत्रिक इतिहास लिहून काढला: कुठला संकेत, कुठल्या महिन्यात, कसा उकलला, कुठे अडलो. तो अतिगुप्त शिक्का मारून कपाटात गेला. गुपित राहिलं, नोंदही राहिली. या शतकात ते कागद खुले झाले, संशोधकांनी हूव्हरच्या फुशारक्या आणि त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि जेसन फॅगोनचं चरित्र २०१७मध्ये आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या सभागृहाला आधी एकट्या विल्यमचं नाव होतं, आता दोघांचं आहे. तटरक्षक दलाने २०२०मध्ये आपल्या एका मोठ्या गस्तीनौकेला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

म्हणून ऐक. तू बाहेर बोलू नकोस, मलाही काही सांगू नकोस, ताईला तर नाहीच. पण कार्यालयाच्या आत, जे कागद कधी बाहेर पडणार नाहीत त्यांवर, काटेकोर राहा. टिपणी तू लिहिलीस तर खाली तुझी आद्याक्षरं नि तारीख घाल, मग वर कुणाचीही सही होऊ दे. काम कसं उलगडलं, कुठे अडलं, कुणी मदत केली, हे नियमात बसेल तसं फाईलवर आण. हाताखालच्या पोरांची नावंही घाल, त्यांचं श्रेय तुझ्या टेबलावर अडकू देऊ नकोस. आणि वार्षिक कामगिरी अहवालासाठी स्वतःचं मूल्यमापन लिहायला सांगतात ना, तिथे विनय दाखवत ‘नेमून दिलेली कामे पार पाडली’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. आम्ही सगळ्यांनी तेच लिहिलं, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलो.

या अहवालाचं वर्ष मार्चअखेर संपतं. यंदाचा नीट भर.

तुझी,
माईमावशी